गुण कळले; मूल कळलें काय?

गेल्या महिन्याच्या टांचणानंतर जीं पत्रें आलीं, त्यांत एका भगिनीचें पत्र मला विशेष वाटलें. त्या लिहितात, “आमचें एकत्र कुटुंब आहे. तिघी जावांचीं मिळून सहा मुलें शाळेंत जातात. हल्लीं कुणाची चांचणी मोबाइलवर येते, कुणाचे गुण मोबाइलवर येतात, आणि घरांत दिवसभर त्या गुणांचीच चर्चा चालते. गुरुजी, ह्या परीक्षांवर आम्हीं विश्वास ठेवावा कीं नाहीं?”

प्रश्न दोन ओळींचा आहे. परंतु त्याचें उत्तर दोन ओळींत देण्याइतका शहाणा मी नाहीं. शिवाय ह्याच बाबतींत माझ्या हातून, माझ्याच घरीं, एक मोठी चूक झालेली आहे. ती सांगितल्यावांचून उपदेश करण्याचा अधिकार मला पोंचत नाहीं. म्हणून आजचें टांचण थोडें लांबेल. वाचकांनीं सांभाळून घ्यावें.

जुन्या वाचकांस माझी हकीकत ठाऊक आहे. नव्यांकरितां दोन शब्द. मॅट्रिक आणि शिक्षकाची सनद एवढेंच माझें शिक्षण. त्याखेरीज लहानपणीं एका वृद्ध शास्त्रीबोवांपाशीं बसून थोडें संस्कृत केलें. १९८० पासून २०१८ पर्यंत अडतीस वर्षें भोर व वेल्हे तालुक्यांतील जिल्हा परिषदेच्या शाळांत काढलीं. भोर हें पंतसचिवांच्या संस्थानाचें गांव. संस्थान १९४८ सालीं विलीन झालें. वेल्हे तालुका म्हणजे तोरणा आणि राजगड ह्या किल्ल्यांचा तालुका. २०२४ सालीं राज्याच्या मंत्रिमंडळानें त्यास ‘राजगड’ हें नांव देण्याचा निर्णय केला; पण आम्हां म्हाताऱ्यांच्या तोंडीं अद्यापि वेल्हेंच येतें. भात, नाचणी आणि वरई पिकविणारा हा सगळा मावळ मुलूख. भाटघर, नीरा-देवघर, पानशेत, वरसगांव, गुंजवणी अशा धरणांनीं येथील दऱ्या भरून टाकल्या. त्यामुळें समोरासमोर दिसणाऱ्या दोन वाड्यांमध्येंही कित्येक ठिकाणीं मोठा वळसा पडतो. पुष्कळ शाळांचा पट दहा-वीसच्या आंत. रायरेश्वराच्या पठारावर तर लोखंडी शिडी चढून जावें लागतें. अशा ठिकाणीं पुस्तक पोंचवावयाचें तें माणसाच्या पाठीवरून, आणि मोबाइलची रेंज मिळवावयाची ती खिंडींत उभें राहून. परीक्षेचीं नवीं साधनें पुण्यास बसून जेवढीं सोपीं वाटतात तेवढीं तीं आमच्याकडे कां नसतात, हें ह्यावरून ध्यानांत येईल.

हीं साधनें एका दिवसांत आलीं नाहींत. २०१० सालीं महाराष्ट्रांत सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची पद्धति सुरू झाली. तिची कल्पना उत्तम होती. वर्षाच्या शेवटीं दोन-तीन तासांत मुलाचा निवाडा न करितां गुरूनें त्याला वर्षभर पाहावें; त्याचें वाचणें, बोलणें, करून दाखविणें ह्यांची नोंद ठेवावी; आणि नुसते गुण न देतां चार शब्द लिहावे. पण झालें काय? ह्या वर्णनात्मक नोंदींचीं तयार पुस्तकें बाजारांत आलीं, आणि पुढें त्याच नोंदींच्या याद्या मोबाइलवरून फिरूं लागल्या. एका वर्षीं मी माझ्याच वर्गाचें नोंदपत्रक वाचीत बसलों, तों चौदांपैकीं अकरा मुलें ‘आपलें मत ठामपणें मांडतात’! त्यांतलीं दोन मुलें वर्गांत तोंडांतून शब्दही काढीत नसत. येथें दोष पद्धतीचा नव्हता आणि मोबाइलचाही नव्हता. उतरून घेणारा हात माझा होता. पाहण्याचें काम टाळून लिहिण्याचें काम तेवढें मीं पुरें केलें होतें.

२०१५ सालीं विद्यार्थ्यांची माहिती ‘सरल’ ह्या संगणकप्रणालींत भरली जाऊं लागली, आणि ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ ह्या कार्यक्रमांतील चांचण्याही त्याच वर्षीं आल्या. २०१७ च्या शिक्षकदिनीं केंद्र सरकारचें ‘दीक्षा’ निघालें, आणि पाठ्यपुस्तकांवर ठिपक्यांचे ते चौकोन दिसूं लागले ज्यांस क्यूआर कोड म्हणतात. सोलापूर जिल्ह्यांतील परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनीं असे चौकोन आपल्या मुलांच्या पुस्तकांस त्याच्या कितीतरी आधीं जोडले होते. २०२० सालचा जागतिक शिक्षक पुरस्कार त्यांना मिळाला, त्यांत ह्या कामाचा मोठा वांटा होता. म्हणजे खेड्यांतल्या शाळेला हीं साधनें परकीं आहेत असें कोणीं समजूं नये. तीं खेड्यांतूनही निघालेलीं आहेत.

आतां माझ्या चुकीकडे वळतों.

मार्च २०२० मध्यें करोनामुळें शाळा बंद झाल्या. त्या वर्षीच्या नोव्हेंबरांत राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेनें ‘स्वाध्याय’ नांवाची योजना काढली. व्हॉट्सॲपवर दर आठवड्यास मुलांना प्रश्न यावयाचे, दिलेल्या पर्यायांतून त्यांनीं उत्तर निवडावयाचें, आणि लागलीच निकाल समजावयाचा. एवढेंच नव्हे, तर जो भाग चुकला असेल त्याचें शिकवणें चित्रफितीच्या रूपानें परत मुलाकडे यावयाचें. घरोघर अडकलेल्या मुलांसाठीं हा विचार खरोखर चांगला होता, आणि आजही मी त्याला नांवें ठेवीत नाहीं.

माझा नातू तेव्हां तिसरींत होता. घरांत आम्ही अकरा माणसें, आणि त्या दिवसांत सगळींच घरीं. आठवड्याचे प्रश्न आले कीं पोराभोंवतीं दरबार भरे. त्याची काकू पर्याय वाचून दाखवी, आजी “घाई करूं नकोस हो” म्हणे, मोठा चुलतभाऊ ओठ हलवून आंकडा सुचवी, आणि मी? मी चष्मा पुसून म्हणें, “बाळ, पुन्हां एकदां बघ बरें. दुसरा पर्याय कसा वाटतो?” पोर चाणाक्ष; तो दुसऱ्या पर्यायावर बोट ठेवी. यंत्र शाबासकी देई. सगळीं उत्तरें बरोबर! मी तो निकाल मोठ्या कौतुकानें पुण्यास मुलीला कळवीं.

संक्रांत आली. सौभाग्यवतीनें तिळाच्या वड्या थापल्या. मोजल्या त्या बावन्न भरल्या. त्यांतल्या सत्तावीस शेजारींपाजारीं पाठविल्या. मीं सहज नातवाला विचारलें, “किती राहिल्या रे?” त्यानें पाटी घेतली नाहीं कीं बोटें मोडलीं नाहींत. त्यानें आधीं काकूच्या तोंडाकडे पाहिलें आणि मग माझ्या. आम्ही दोघेंही गप्प. तेव्हां जरा वेळानें तो म्हणाला, “पस्तीस.”

“कशा?”

“पांचांतून दोन गेले, तीन. सातांतून दोन गेले, पांच. पस्तीस.”

डबा उघडून मोजल्या. पंचवीस निघाल्या. “मग दहा वड्या कोणीं खाल्ल्या?” असें तो मोठ्या गांभीर्यानें विचारूं लागला, तेव्हां घरांत हंशा पिकला. मला मात्र हंसूं आलें नाहीं.

रात्रीं सून हळूच म्हणाली, “मामंजी, हातच्याची वजाबाकी मोबाइलवर दोनदां येऊन गेली होती. दोन्ही वेळां त्याचें उत्तर बरोबर आलें होतें.”

मीं म्हटलें, “त्याचें नव्हे, सूनबाई; आपलें.” आणि त्यांतलें एक तर मींच सांगितलें होतें.

येथें काय झालें तें नीट पाहा. यंत्राला पोर दिसत नव्हतें. त्याला पडद्यावर टेकलेलें बोट तेवढें दिसत होतें. बोट बरोबर जागीं पडलें, म्हणून त्यानें नोंद केली कीं ह्या मुलाला हातच्याची वजाबाकी येते. उत्तर चुकलें असतें तर तो धडा त्याच्याकडे परत आला असता. आम्हीं उत्तर सांगितलें, म्हणून धडा आला नाहीं. दोन महिने आम्ही त्याला मदत करीत आहोंत अशा समजुतींत होतों, आणि त्या दोन महिन्यांत त्याच्या वांट्याची मदत आम्हीं वाटेंतच अडवून धरली होती. अडतीस वर्षें मीं वर्गांत नकला करणाऱ्या मुलांचे कान धरले. निवृत्तीनंतर दोनच वर्षांत माझ्या ओटीवर मींच नक्कल पुरवूं लागलों, आणि तिला प्रेम असें नांव दिलें.

आतां त्या ‘पस्तिसां’विषयीं. हें उत्तर चुकीचें असलें तरी वेडगळ नाहीं. दोहोंतून सात जात नाहींत असें दिसल्यावर त्यानें सातांतून दोन काढले. असें त्याला कोणीं शिकविलें? आपणच. “नेहमीं मोठ्या संख्येंतून लहान संख्या वजा करावी,” हें वाक्य आम्ही शिक्षक पहिलीपासून घोकून घेतों. पोरानें तें प्रत्येक स्थानाला वेगळें लावलें, एवढाच त्याचा अपराध. म्हणजे त्या चुकींत त्याचा विचार होता, आणि आमच्या शिकवण्यांतला दोषही होता. ‘पंचवीस’ ह्या सांगून मिळविलेल्या उत्तरांत ह्यांतलें कांहींच नव्हतें.

परीक्षेच्या नव्या साधनांचें खरें सामर्थ्य ह्याच ठिकाणीं आहे, म्हणून तें वाचकांनीं समजून घ्यावें. बावन्नांतून सत्तावीस वजा करा ह्या प्रश्नाखालीं चार पर्याय द्यावयाचे तर ते वाटेल तसे देऊन चालत नाहीं. पंचवीस हें बरोबर. पस्तीस घेणारा हातचा न घेतां उलट वजा करतो. एकोणऐंशी घेणाऱ्यानें चिन्हच न पाहतां बेरीज केली. सव्वीस म्हणणारा बोटें मोजतांना चुकला असावा. असे पर्याय विचारपूर्वक ठेवले, तर हजार मुलांच्या उत्तरांतून अमुक इतकीं मुलें उलट वजा करणारीं, अमुक इतकीं चिन्ह न पाहणारीं, अशी विभागणी यंत्र क्षणांत करून देतें. तेंच काम दिव्याखालीं बसून करावयास मला आठवडा लागला असता, आणि बहुधा मीं तें केलेंच नसतें. पर्याय मात्र वाटेल तसे दिलेले असले, तर यंत्र केवळ बरोबर-चूक मोजतें. त्यांतही चार पर्यायांच्या प्रश्नांत डोळे मिटून बोट ठेवणाराचेंही सरासरीनें चारांतील एक उत्तर बरोबर येतें, हें विसरूं नये.

ह्या मोजणीचा उपयोग कसा करावा हें मला माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्यानें शिकविलें. तो आतां वेल्ह्याकडील एका वाडीवर शिक्षक आहे. करोनाच्या दिवसांत त्याच्या वाडींत तीन घरींच स्मार्टफोन होते. टाळेबंदी उठल्यावर तेही बापांबरोबर पुण्यास कामावर जात. तेव्हां हा प्रश्न वहींत उतरवून घेई, आठवड्यांतून दोनदां वाडीवर जाई, आणि देवळाच्या ओट्यावर एकेका मुलाला जवळ बसवून विचारी. त्याच्या मुलांचे गुण माझ्या नातवाहून पुष्कळ कमी पडत. पण ते त्यांचे स्वतःचे असत.

२०२३-२४ पासून राज्यांत तिसरी ते आठवीच्या मुलांसाठीं नियतकालिक मूल्यांकन चांचण्या सुरू झाल्या. मुलें पेपर कागदावरच लिहितात. गुण मात्र शिक्षकानें चॅटबॉटवर, म्हणजे मोबाइलवर प्रश्नोत्तरें करणाऱ्या यंत्रावर, भरावयाचे. त्या वर्षीं दिवाळींत तो मला भेटावयास आला आणि म्हणाला, “गुरुजी, माझ्या अकरा मुलांपैकीं नऊजणांचा एकच प्रश्न चुकला, घड्याळाचा. पूर्वीं मी मुलांनाच बोललों असतों. पण नऊ चुका एकाखालीं एक पाहिल्या आणि माझी मलाच लाज वाटली. तो धडा मीं भातलावणीच्या दिवसांत, निम्मीं मुलें शेतावर असतांना, घाईनें उरकला होता.”

“मग काय केलेंस?” मीं विचारलें.

“एकेकाला जवळ बसविलें. सातजणांना घड्याळाचे कांटेच ओळखतां येईनात. घरीं सगळे मोबाइलवर आंकड्यांतच वेळ पाहतात. राहिलेल्या दोघांना घड्याळ चांगलें येत होतें, पण प्रश्नांतला ‘पाऊण’ हा शब्द कळला नव्हता.”

वाचकहो, ह्या एका उत्तरांत सगळें आलें. नऊ मुलांना गुण एकच, शून्य. परंतु सातांना घड्याळ शिकवावयाचें होतें आणि दोघांना एक मराठी शब्द. नऊजणांचा प्रश्न चुकला हें आंकड्यांनीं सांगितलें, आणि तें फार मोलाचें होतें. त्याशिवाय त्याचें लक्ष तेथें गेलेंच नसतें. तो कां चुकला हें मात्र मुलाशेजारीं बसल्यावांचून कळलें नाहीं. आंकडा दारापर्यंत आणून सोडतो. आंत माणसालाच जावें लागतें.

जातां जातां त्यानें आणखी एक गोष्ट सांगितली. गुण पाठविण्यासाठीं त्याला शाळा सुटल्यावर खिंडींत जावें लागतें; जाऊन-येऊन तास मोडतो. हा तास कोणत्याही रकान्यांत भरला जात नाहीं. तो ज्या दिवशीं वर्गाच्या वेळेंतून जातो, त्या दिवशीं ‘पाऊण’ समजावून सांगावयास कोणी उरत नाहीं. नवीन साधन शाळेंत आणणारांनीं हा एवढा हिशेब आधीं मांडावा, अशी माझी नम्र सूचना आहे. साधनानें मास्तराचा वेळ वांचला पाहिजे, आणि तो वांचलेला वेळ मुलाकडे गेला पाहिजे. तसें होत नसेल, तर उपकरण कितीही चकचकीत असलें तरी तें तोट्याचेंच.

आपल्याकडील जुन्या परीक्षांची एक कथा येथें सांगण्यासारखी आहे. जीवक वैद्य तक्षशिलेस सात वर्षें शिकला. मग गुरूंनीं त्याच्या हातीं कुदळ देऊन सांगितलें कीं, नगराभोंवतीं योजनभर हिंड आणि औषधाच्या उपयोगी न पडणारी जी वनस्पति दिसेल ती घेऊन ये. जीवक हिंडला आणि रिकाम्या हातांनीं परत आला. तशी वनस्पति त्याला एकही आढळली नाहीं. गुरूंनीं त्याला उत्तीर्ण ठरविलें. आजच्या चांचणींत रिकामा हात म्हणजे शून्य गुण. त्या गुरूला रिकाम्या हाताचा अर्थ कळला, कारण त्यानें सात वर्षें शिष्याला पाहिलें होतें. आमचे शास्त्रीबोवाही रूपें म्हणवून घेतांना डोळे मिटून बसत. कोठें चुकलों ह्यापेक्षां आवाज कोठें अडखळला, इकडे त्यांचें लक्ष असे. बरोबर म्हटलेलें रूपही ते कधीं कधीं पुन्हां म्हणावयास लावीत आणि म्हणत, “आलें, पण बसलें नाहीं.”

ह्याच्या उलट टोंकाचा अनुभवही इतिहासांत आहे. इंग्लंडांत १८६२ सालीं असा नियम झाला कीं, इन्स्पेक्टरच्या परीक्षेंत जितकीं मुलें उतरतील त्या मानानें शाळेला पैसा मिळावा. निकालावर अनुदान देण्याची ही रीत पुढें आपल्या मुंबई इलाख्यांतही आली. तिचा परिणाम व्हावयाचा तोच झाला. इन्स्पेक्टर जो धडा विचारणार तोच शिक्षक घोकून घेऊं लागले. मुलें वाचीत नसत, पाठ म्हणत. अखेर इंग्लंडनें ही पद्धति त्याच शतकांत टाकून दिली. तेव्हां विजेचीं यंत्रें नव्हतीं, पण चूक तीच होती. गुण हें मुलाकडे पाहण्याचें साधन न राहतां तेंच साध्य झालें, म्हणजे सगळीं माणसें, मास्तर काय आणि आजोबा काय, गुण सांभाळूं लागतात आणि मुलाला विसरतात.

आपल्या राज्याचा अलीकडचा अनुभवही विसरण्यासारखा नाहीं. २०२१ सालीं दहावीची परीक्षाच झाली नाहीं. नववीच्या निकालाचे पन्नास, दहावीच्या वर्षांतील अंतर्गत लेखी मूल्यमापनाचे तीस आणि तोंडी-प्रात्यक्षिकाचे वीस असे गुण एकत्र करून १६ जुलै रोजीं निकाल लागला, तो ९९.९५ टक्के. त्या संकटांत दुसरा मार्ग नव्हता, आणि त्या मुलांचा काडीचाही दोष नव्हता. पण अकरावीचे प्रवेश करावयाची वेळ येतांच निराळी सामाईक परीक्षा ठरवावी लागली, आणि तीही १० ऑगस्ट रोजीं उच्च न्यायालयानें रद्द केली. हातांत आंकडे होते, पण त्यांच्या भरंवशावर निवड करण्यास सरकारचें मन आरंभीं धजेना. संगणकानें बेरीज बिनचूक केली होती. परंतु बेरजेला बळ येतें तें मुळांत काय मोजलें ह्यावरून.

अलीकडे ह्यांत आणखी भर पडली आहे. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी निघालें, आणि तेव्हांपासून निबंध लिहून देणारें व गणित पायऱ्यांसह सोडवून देणारें यंत्र घरोघर पोंचलें. मला त्याचें भय वाटत नाहीं. ओळख मात्र पटते. आमच्या दरबारांतील काकू, चुलतभाऊ आणि आजोबा तिघेही मिळून आतां त्या यंत्रांत जाऊन बसले आहेत, एवढेंच. फरक असा कीं, आजोबांना संक्रांतीच्या दिवशीं चूक उमगली. त्याला ती उमगणार नाहीं. म्हणून घरांतील माणसांची जबाबदारी कमी न होतां वाढली आहे.

आतां पत्रलेखिका भगिनीला आणि तिच्यासारख्या इतर घरांना माझें सांगणें थोडक्यांत असें.

मूल चांचणीला बसलें असेल तेव्हां मोबाइल धरून द्यावा, लहान असेल तर प्रश्न वाचून दाखवावा. त्यापुढें तोंड मिटून घ्यावें. तोंडच नव्हे, चेहराही. कारण मुलें आपला चेहरा पर्यायांपेक्षां लवकर वाचतात. शक्य तर एकाच मोठ्या माणसानें जवळ बसावें आणि बाकीच्यांनीं आपापल्या कामास जावें.

निकाल आला कीं “किती मिळाले?” असें न विचारतां “हें कसें केलेंस?” असें विचारावें, आणि तें चुकलेल्या उत्तराला विचारतों तसेंच बरोबर आलेल्यालाही विचारावें. नाहींतर मुलाला ‘कसें’ ह्या शब्दाचीच धास्ती बसते. चुकलेलीं उत्तरें पुसूं नयेत. एका जुन्या वहींत तारीख घालून तीं लिहून ठेवावीं, आणि आठ-पंधरा दिवसांनीं तोच प्रश्न जरा बदलून घालावा. चूक पुन्हां आली तर ती शिक्षकांच्या कानावर घालावी. तक्रार म्हणून नव्हे, माहिती म्हणून. समंजस शिक्षकाला ही माहिती गुणांपेक्षां मोलाची वाटेल.

तिसरी गोष्ट विशेषतः एकत्र कुटुंबांसाठीं. पूर्वीं प्रगतिपुस्तक दप्तरांतून घरीं येई आणि बापाची सही घेऊन परत जाई. आतां कोठें कोठें साऱ्या वर्गाचे गुण व्हॉट्सॲपच्या गटावर एकत्र येतात आणि पांच मिनिटांत गांवभर होतात. घरांतही एका जावेच्या मुलाचे गुण दुसरीच्या मुलाच्या गुणांशेजारीं उभे केले जातात. असें करूं नये. २०२३ सालीं संसदेनें वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला, आणि मुलांच्या माहितीला त्यांत विशेष जपलें आहे. कायद्याचें राहूं द्या. पण मुलाची चूक ही त्याची खासगी वस्तु आहे एवढें तरी घरानें मानावें. जें मूल चुकल्याबद्दल चारचौघांत हंसलें जातें, तें पुढें चूक लपवावयास शिकतें. आणि लपविलेली चूक यंत्रालाही सांपडत नाहीं आणि गुरूलाही.

भगिनी, आपण विश्वासाविषयीं विचारलें आहे. तापमापक यंत्रावर आपण विश्वास ठेवतों, पण त्यानें ताप दाखविला कीं औषध त्याला विचारीत नाहीं. आणि तें तोंडांत धरण्याआधीं मुलाला गरम चहाही देत नाहीं. ह्या परीक्षांवर तेवढा आणि तसाच विश्वास ठेवावा.

नातवाची वजाबाकी त्या फाल्गुनापर्यंत सुधारली. कोणत्याही चित्रफितीनें नव्हे, कीं माझ्या व्याख्यानानेंही नव्हे. त्याच्या आजीनें दहा-दहा काड्यांच्या जुड्या बांधून दिल्या आणि जुडी सोडल्यावांचून सात काड्या देतां येत नाहींत हें त्यानें हातानें पाहिलें. आतां तो माध्यमिक शाळेंत जातो. गेल्या संक्रांतीला त्याची धाकटी चुलतबहीण वड्यांचा असाच कांहीं हिशेब करतांना चुकली. मी तोंड उघडणार, इतक्यांत तो तिच्याशेजारीं जाऊन बसला आणि म्हणाला, “चूक राहूं दे. कसें केलेंस तें मला सांग.”

मी उठून बाहेर ओटीवर गेलों. तेथें माझें काम नव्हतें.